भिंत

रात्रशाळेत सूक्ष्मदर्शक एकच,
त्याच्या आरशाला कोपऱ्यात तडा.
हजेरीत बावीस नावं, आज आलेत नऊ,
बाकीच्यांची पाळी बदलली.
खिडकीतून साखर पेठेचे माग आत येतात,
खटक-खटक, खटक-खटक,
त्यांच्या वरच्या पट्टीत शिकवायची मला आता सवय आहे.

मार्केट यार्डातला कांदा चिरते,
आतला पापुद्रा चिमट्याने ओढून काचपट्टीवर पसरते.
आयोडीनचा थेंब, वर पातळ काच.
बुडबुडा राहिलाच एक.
गोवर्धन येमूलला एक डोळा मिटता येत नाही,
तो तळहाताने झाकतो आणि वाकतो.
"म्याडम, ह्ये तर वीटकाम हाय की!"

वीटकामच. प्रत्येकीला स्वतःची भिंत,
भिंतीला आतून लागून एक पडदा,
आणि मधोमध रिक्तिका, जी नावापुरतीच रिकामी.
तिच्यातल्या पाण्याच्या जोरावर
मेथीची जुडी सकाळी ताठ असते
आणि दुपारी चारला मंगळवार बाजारात मान टाकते.
कडेला ढकललेला तपकिरी ठिपका, ते केंद्रक.

पुस्तकात लिहिलंय, पेशी म्हणजे एक कारखाना.
हे मी यांना कशाला वाचून दाखवलं कोण जाणे.
"मालक कोन मग?"
केंद्रक, म्हटलं.
"आनि लाईट?"
तंतुकणिका. अन्न जाळून ऊर्जा देतात, रात्रंदिवस.
"लोडशेडिंग न्हाई?"
नाही. तिथली लाईट गेली की माणूसच गेला.
मागच्या बाकावरून चंद्रकला दुस्सा,
नखांत अजून विडीच्या तंबाखूची पूड:
"बोनस देतो का बे तो केंद्रक?"
सगळे हसले. मीही.
पुस्तक मिटून ठेवलं.

मग ज्याच्या-त्याच्या गालातलं.
काडीची बोथट बाजू आतून हलकेच फिरवायची,
निळा थेंब, काच.
गोवर्धन बराच वेळ वर बघेना.
रांग नव्हती तिथे. सांडल्यासारख्या पेशी,
कडा दुमडलेल्या, एकीवर एक चढलेल्या,
पिळून तशाच टाकून दिलेल्या कपड्यांसारख्या.
"हिला भिंत न्हाई."
नाही. आपल्या पेशीला नुसता पडदा.
म्हणून तर आपण वाकतो, पळतो, कुणाला जवळ घेतो.
"आनि म्हनून फाटतो," चंद्रकला म्हणाली,
यावेळी कुणी हसलं नाही.

गोवर्धन दिवसपाळीवरून थेट आलेला,
भुवयासुद्धा पांढऱ्या.
त्याने कॉलरवरचा एक तंतू चिमटीत धरला.
"हा लावा."
अभ्यासक्रमात नव्हता. लावला.
पीळ पडलेली चपटी फीत
एका कडेकडून आली आणि दुसरीकडून निघून गेली.
"ह्यात पेशी कुठंय?"
ही अख्खी एकच पेशी, मी म्हटलं.
सरकीच्या सालीवरची एकटी पेशी
लांबत जाते, इंचभर, कधी त्याहून जास्त,
मग आतून भिंतीला थरावर थर देत बसते.
बोंड उकलतं तोवर आतलं सगळं वाळतं,
पाणी उडतं, मालक जातो, लाईट जाते.
उरते ती भिंत.

खटक-खटक, खटक-खटक.

"म्हंजे आठ वर्सं झाली,
मी भिंतीच विनतोय."
त्याचं काही चुकलं नव्हतं,
म्हणून मी फळ्याकडे वळले आणि उगाच तारीख पुसली.

घंटेनंतर चंद्रकलाने बाकावर झोपलेली पोर उचलली,
मोराची चादर तिच्याभोवती नीट गुंडाळली.
चादरीत एक मोर अर्धाच होता.
बिघडलेला माल, कुणीतरी स्वस्तात दिलेला.
पोरीने झोपेतच त्या भिंतींत तोंड खुपसलं.

मी काचपट्ट्या धुतल्या.
गोवर्धनचा गाल निळा होऊन बेसिनमधून वाहून गेला.
तंतू मात्र माझ्या ओल्या बोटाला चिकटून
घरापर्यंत आला.